दुसरी किल्ली

वधू-वर मंडळाचे अध्यक्ष डबीर यांनी सर्वांत स्वस्त सर्व्हर निवडला आणि नऊ हजार स्थळांचा बॅकअपही त्याच सर्व्हरवर ठेवायला सांगितला. संगणक सांभाळणाऱ्या मृणालिनीबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, "तो बंद पडला तर मूळ माहिती आणि बॅकअप, दोन्ही जातील, साहेब."

"एकाच जागी असलं की सांभाळायला सोपं."

बाई थकल्या होत्या. त्यांनी वाद सोडला आणि साहेबांच्या केबिनची दुसरी किल्ली साहेबांच्याच टेबलाच्या खणात ठेवली.

चार दिवसांनी साहेबांची किल्ली आत राहिली आणि दार लागलं. बाहेर मुलाकडची मंडळी ताटकळली होती.

"दुसरी किल्ली कुठंय?"

"आतच, साहेब. सांभाळायला सोपं."

साहेबांनी दाराची मूठ एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाले, "बॅकअपला दुसरी जागा बघा."

"बघते. आधी किल्लीवाला बघते."