मक्याचे आठ दिवस

एका राज्यात शेते पाण्यावर उगवत. विस्तीर्ण तळ्यात लोक लव्हाळ्याच्या चटया अंथरीत, त्यांवर गाळ थापीत, आणि त्या गाळात मका डोलत असे. तिथल्या राजाची कन्या सेंतेवा बारा वर्षे डोंगरांपलीकडे ग्रहगणित शिकली आणि होडीत बसून परत निघाली. तिला वाटले होते, काठाकाठाने झेंडूच्या माळा असतील, घराघरांतून भाजत्या भाकरीचा वास येईल. येऊन पाहते तो चुली थंड. कोठारे मक्याने शिगोशीग भरलेली, आणि माणसे काडीसारखी वाळलेली.

"मका शिजत नाही," मुदपाकातली म्हातारी तेइकू म्हणाली. "तीन तीन दिवस उकळला, तरी खडा तो खडाच. तळ्यातलं शेवाळ खाऊन जगतो आहोत. परवा महाराज नगर सोडणार. पण राणीसाहेबांना उठून बसायचं त्राण नाही. त्या कुठल्या जगायला वाटेत!"

आईचे नाव ऐकताच सेंतेवा तडक दरबारच्या मांत्रिकाकडे गेली; हा त्याचाच शाप, असे तिला वाटले. "शाप मागे घ्या."

"माझा असता तर घेतला असता," मांत्रिक म्हणाला. त्याने काळ्या काचदगडाचा आरसा पुढे धरला. "शाप मक्याचा आहे."

आरशात जुना रिवाज दिसला. एरवी मक्याला चुन्याच्या पाण्यात उकळायचे, पाट्यावर रगडायचे, मीठ-मिरचीने माखायचे. म्हणून दर आठ वर्षांनी त्याला आठ दिवस विसावा. तेवढे दिवस नुसत्या पाण्यावर शिजलेले मुटके खायचे. चुना नाही, मीठ नाही, मिरची नाही.

मग आरशात झाडाच्या सालीवर चित्रांनी लिहिलेले एक पत्र दिसले. 'धान्य थकते, ही समजूत अडाणी आहे. हा उपवास बंद करावा.' लेकीच्या विद्येचे कौतुक म्हणून राजाने तशी दवंडी पिटवली होती. सेंतेवाने आपल्याच हातची चित्रे ओळखली.

"उपाय सांगा."

"तीन कामे. सांडलेला दाणा उचल. आगीला भिणारा दाणा धीट कर. रुसलेला दाणा बोलता कर."

ती भराभरा पुलावरून निघाली. लांब हिरव्या शेपटीचा एक पक्षी डोक्यावरून ओरडला, "अगं ए! विद्या इतकी जड झाली, की वाकताही येईना? पायाखाली कोण रडते आहे?"

सेंतेवा वाकली. वाटेवर मक्याचे दाणे सांडलेले होते. कोठारापासून राजवाड्यापर्यंत एकेक दाणा वेचीत गेली. ओटी भरली.

तेइकूने तिला भांड्यापाशी बसवले. "आता दाण्यांवर फुंकर घाल. हलकी. मग दाणा आगीला भीत नाही. लहानपणी शिकवलं होतं तुला."

"आठवतं. मी हसले होते."

"हसलीस ते चाललं, पोरी. पत्र कशाला धाडलंस?"

सेंतेवाने मान खाली घातली आणि फुंकर घातली. मग गुडघे टेकून ती दाण्यांना म्हणाली, "तुम्ही दमला होतात. मी ते मानले नाही. चूक माझी."

तिने ओटीतले दाणे भांड्यात ओतले.

"पाणी ठेव," एक दाणा म्हणाला.

सूर्य मावळायच्या आत मका शिजून फुलला. शाप सुटला, आणि घरोघर चुली पेटल्या.

सकाळी चौकात सगळे नगर लोटले. कोणी मिरच्या आणल्या, कोणी मिठाचे खडे. "आज मेजवानी!" राजा म्हणाला. लोकांनी एकच गिल्ला केला. राणीला पालखीतून आणले होते.

सेंतेवा चुलीपुढे उभी राहिली. "मेजवानी आठ दिवसांनी, बाबा. विसावा आजपासून."

"लोक भुकेले आहेत, सेंतेवा."

"पोट आजच भरेल. चव तेवढी थांबेल."

"डोंगरापलीकडे हेच शिकवतात वाटतं!" गर्दीतून कोणी टोमणा मारला.

"नाही," ती म्हणाली. "तिथे नाही शिकवत."

तिने भांड्यातला अळणी मुटका काढला, फुंकून निववला आणि आईच्या ओठांशी धरला. राणीने सावकाश चावला. गिळला. आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.