इनासच्या मानेवरचं जू

खारबांद गावात रहाट फिरत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी पाहिलेली नाही. माझ्या आजाच्या आजाने पाहिली, असं म्हणतात. आमच्या घरात खोटं बोलायची चाल नाही, म्हणून सांगतो.

खारबांदच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला केळीच्या बागा. बागांना पाणी विहिरीचं. विहिरीवर लाकडी रहाट, त्याला मातीच्या गाडग्यांची माळ, आणि तो फिरवायला रेडा. रेड्याला घेरी येऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधत. मग तो दिवसभर एकाच रिंगणात चालायचा.

पास्कू पाटलाच्या विहिरीवर इनास रहाट हाकायचा. रेड्याचं नाव डोंगऱ्या. बारा वर्षं दोघे त्याच रिंगणात चालले. इनासने त्याला कधी काठी लावली नाही, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस अर्ध्यावरच गेला. जानेवारीतच विहिरी खोल गेल्या, पाण्याला खारी चव येऊ लागली. पाटील म्हणाला, आणखी उपसा. जुवाने घासून डोंगऱ्याच्या मानेला जखम झाली. ती चिघळली. उपसा थांबला नाही.

अशात संत अंतोनचा सण आला. हा संत मुक्या जनावरांचा कैवारी. त्या दिवशी सकाळची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, झाली की सगळं गाव आपापली जनावरं देवळापुढे आणतं आणि पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. पास्कूने डोंगऱ्याला आणलं. मानेवर झेंडूचा जाडजूड हार घातला होता. पाद्रीने हात उचलला, तोच इनास पुढे झाला आणि त्याने हार ओढून काढला. माश्या उठल्या.

“आधी हे बघा, पाद्रीबाबा.”

पाद्रीचा हात खाली आला. सगळ्या गावाने ती जखम पाहिली.

पास्कू लाल झाला. “रेडा माझा, बाग माझी. हा आज चालला नाही तर पाणी कोण देणार? तुझी बायको?”

चारदोन माणसं हसली.

“मी देतो,” इनास म्हणाला.

“तू? जू मानेवर घेऊन?”

“घेतो.”

“ऐका रे सगळे! सूर्य बुडेपर्यंत पाट वाहता राहिला तर रेडा याचा. एकदा जरी पाणी तुटलं, तर उद्या रेडा कसायाच्या दारात. आणि झापडं बांधायची. रेडा बांधून घेतो, हाही घेईल.”

गाव विहिरीवर लोटलं, डोंगऱ्याला तिथल्या चिंचेला बांधलं. इनासची बायको मारी धावत आली. “वेड लागलंय का तुम्हाला? मान मोडेल!”

“घट्ट बांध,” इनास म्हणाला. तिने आपल्या हाताने त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधली.

रहाट कुरकुरला आणि फिरू लागला. पास्कू पाटाच्या कडेला पाण्यावर नजर ठेवून बसला. आता कोणी हसत नव्हतं. दुपारी विहिरीचा तळ दिसू लागला, गाडगी अर्धी येऊ लागली. पाट बोटाएवढा झाला. इनासचा घाम रहाटावर पडला, रहाटावरून विहिरीत पडला. घाम खारट, पण विहिरीचं पाणी गोड झालं आणि हातभर वर चढलं, असं म्हणतात.

ऊन कलताना इनासचा गुडघा टेकला. गाडगी लटकली. पाटातलं पाणी ओसरू लागलं तसा पास्कू उभा राहिला. तेवढ्यात चिंचेला बांधलेला डोंगऱ्या असा हंबरला, की खाडीपलीकडची गुरं उठून उभी राहिली. इनास उठला. पाणी तुटलं नाही.

सूर्य बुडाला. देवळाची घंटा झाली. इनास चालतच राहिला. मारीने हाका मारल्या, लोकांनी मारल्या. त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या वाटेत जायची कोणाची छाती होईना. तेव्हा डोंगऱ्याने दावं तोडलं आणि तो रिंगणात आडवा उभा राहिला. इनासचं कपाळ त्याच्या कुशीला लागलं. त्याने तो श्वास ओळखला. तिथे तो थांबला.

झापडं पास्कूने स्वतः सोडली. मानेवरचं जू उतरवलं. त्याच जागी तीच जखम होती. पास्कूने तिला बोट लावलं आणि मान खाली घातली.

पाद्री उरलेलं पाणी घेऊन विहिरीवर आला. त्याने आधी डोंगऱ्यावर शिंपडलं, मग इनासवर. पास्कूने डोकं पुढे केलं. पाद्री म्हणाला, “तू पुढच्या वर्षी.”

आता रहाट गेले, पंप आले. तरी संत अंतोनच्या दिवशी खारबांदात सूर्य बुडेपर्यंत एकही पंप लागत नाही. देवळापुढे पाद्री जनावराच्या मानेवरून आधी हात फिरवतो. बैल असो, शेळी असो, कुत्रं असो, हार काढूनच पुढे आणायचं. मान साबूत असेल तर जनावरावर पाणी पडतं, धन्यावरही पडतं. मानेवर घाव असेल तर पाणी जनावरालाच. धन्याला दोनच शब्द मिळतात.

गेल्या साली माझ्या थोरल्या मुलाने राखणीचा कुत्रा नेला होता. साखळीने त्याचा गळा सोलला होता. पाद्रीने साऱ्या गावासमोर मुलाला सांगितलं, “पुढच्या वर्षी.” मी शेजारीच उभा होतो. घरी आलो आणि साखळी विहिरीत टाकली.