वैद्यबुवांच्या पाटीला हार

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक वैद्यबुवा राहत. माणूस मायाळू, पण समजावून सांगायला बसले की ऐकणाऱ्याला जांभया यायच्या.

गावात दरवर्षी देवीचा उत्सव होई. सगळं गाव एकाच पंगतीत बसून भात आणि ताकाची कढी जेवे. मागच्या वर्षी मात्र कढी खाऊन अर्धं गाव पोट धरून लोळलं. सगळ्यांनी गवळणीला धरलं, "तुझं ताकच नासकं!"

"अहो, सकाळीच घुसळलं होतं हो!" ती रडून सांगत राहिली.

पाटील म्हणाले, "यंदा पुन्हा असं झालं तर बाई, तुझ्या म्हशी घे आणि दुसरं गाव बघ."

वैद्यबुवांना राहवेना. त्यांनी कढीचं तांब्याचं मोठं पातेलं उजेडात धरून पाहिलं. आतली कल्हई, म्हणजे कथलाचा पांढरा मुलामा, पार उडाली होती. दोष ताकाचा नव्हता, भांड्याचा होता! उत्सव तोंडावर आलेला. बुवांनी मन लावून पाटी लिहिली आणि देवळासमोर उभी केली: 'आम्लद्रव्याचा निष्कल्हई ताम्रपात्राशी संयोग झाल्यास विषोत्पत्ती संभवते.'

सकाळी येऊन बघतात तर पाटीला झेंडूचा हार, पुढे नारळ, उदबत्ती! पंगतीचा आचारी हात जोडून उभा.

"वाचलंस का रे?" बुवांनी विचारलं.

"वाचायचं कशाला बुवा? एवढे जड शब्द म्हणजे मंत्रच असणार. मी आपलं डोकं टेकवलं."

"आणि कढी कशात करणार?"

"त्याच पातेल्यात की! आता तर मंत्राचं बळ आहे."

बुवांना आधी राग आला, मग इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहिलं. पाटी आपण दुसऱ्या वैद्याला कळेल अशी लिहिली, आणि गावात वैद्य तर आपण एकटेच! त्यांनी पाटी उचलून घरी नेऊन ठेवली आणि परत येऊन आचाऱ्याजवळ बसले.

"तांब्याची कळशी कशानं घासतोस?"

"चिंचेनं. कशी लख्ख होते!"

"आणि ती चिंच कशी होते?"

"काळीहिरवी."

"खाशील ती?"

"छे! चेष्टा करता का बुवा?"

"अरे, ताकही आंबटच. कल्हई नसली की तेही तांबं खरवडून काढतं. मग ते आपण भातावर घेतो."

आचाऱ्यानं कपाळावर हात मारला. "म्हणजे गवळणीला आपण उगाच...!"

मग बुवा पाटलांकडे गेले, पण तिथं चिंचेची गोष्ट चालली नाही. "काम बोला," ते म्हणाले.

"शेजारगावचा कल्हईवाला बोलवा. नाहीतर उत्सवाला आलेले परगावचे पाहुणे पानावरून उठून ओढ्याकडे पळतील आणि गावोगाव सांगतील, पाटलांच्या पंगतीत जेवलो होतो."

पाटलांनी तेव्हाच गाडी जुंपायला लावली.

पोरांना बुवा एवढंच म्हणाले, "तांब्यापितळेच्या भांड्यात डोकावून बघा. आत पांढरं चकचकीत दिसलं तर गप्प बसा, तांबडंपिवळं दिसलं तर बोंब ठोका." मग काय! घरोघरी स्वयंपाकघरांतून बोंबा उठल्या. कल्हईवाल्याला घाम पुसायला उसंत मिळेना.

उत्सवाचा दिवस आला. पातेलं आतून चांदीसारखं झालेलं. पंगत बसली, कढी वाढली गेली. गवळण खांबाला धरून एकेकाचं तोंड बघत होती. जेवणं झाली, गप्पा रंगल्या, पोरं खेळायला पळाली. पोट कुणाचंच दुखलं नाही. उलट पाटलांनीच पुन्हा वाटी पुढे केली.

"बाई, ताक तुझंच ना? वाढ आणखी!"

गवळणीनं वाटी काठोकाठ भरली. म्हणाली, "मागच्या वर्षीही माझंच होतं, पाटील."

पाटलांनी मान खाली घातली. "चुकलो बाई," म्हणाले आणि वाटी एका दमात संपवली. सगळी पंगत खळखळून हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती गवळण.

तात्पर्य: ज्ञान खरं असलं तरी तेवढ्यानं भागत नाही, ज्याला सांगायचं त्याच्या चुलीपासून, त्याच्या काळजीपासून, त्याच्या खेळापासून सुरुवात केली, तरच ते त्याच्या घरात नांदतं.