अर्धी चुंबळ

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावात येसू अंगणात आमसुलं वाळत घालत होती. रोजच्यासारखाच दिवस होता. कोंबड्या दाणे टिपत होत्या, सासू ओट्यावर कुळीथ निवडत होती. तेवढ्यात धाकू तांडेल आला. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी, बरं का. तो अंगणात आला नाही, कुंपणापाशीच थांबला.

"वहिनी," म्हणाला, "होडी आली. भिवा नाही आला."

भिवा म्हणजे येसूचा नवरा. येसूनं हातातली आमसुलं नीट पसरली. मग ती खाली बसली.

जायच्या आधी भिवानं वरच्या टेकडीवर आंब्याचं रोप लावलं होतं. "मी येईपर्यंत पाणी घाल," म्हणाला होता. आणि तिच्यासाठी काथ्याची चुंबळ वळायला घेतली होती. डोक्यावर घागरीखाली ठेवतात ना, ते वेटोळं. तेवढ्यात भरती आली, तो होडीवर गेला आणि चुंबळ अर्धीच राहिली. एक बाजू जाड, एक बाजू बारीक.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. मग येसू घागर घेऊन निघाली. सासूनं कापडाची चुंबळ पुढं केली.

"नको आई. हीच घेते."

त्या चुंबळीवर घागर कलायची. येसू मान खाली घालून चालायची. पाणी हिंदकळायचं, पाठ भिजायची, आणि वर पोचेपर्यंत घागर रिकामी. असे तीन दिवस गेले. रोपाची पानं खाली लोंबली.

"अगं, जमिनीत काय हरवलंय तुझं?" सासूनं विचारलं.

"काही नाही, आई."

"मग मान वर कर. माझाही गेलाय. पण तो वाटेत पडलेला नाही."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर एक बगळा एका पायावर उभा होता.

"बगळेदादा, तोल कसा रे जात नाही तुझा?"

"मी आधी उभा राहतो, मासा नंतर," बगळा म्हणाला. "तू उभी राहतच नाहीस. नुसती निघतेस."

मग येसू उभी राहिली. टाच जमिनीला टेकली, अंगठा टेकला, करंगळी टेकली. त्या दिवशी पाणी साकवापर्यंत पोचलं. साकव म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल.

पुढच्या दिवशी साकवावर भेटली मांजर. म्हणाली, "आधी पाऊल ठेव. साकवाला विचार, धरतोस का? मग अंगाचा भार दे. मला घाई असली, तरी माझ्या पायांना नसते." त्या दिवशी पाणी अर्ध्या टेकडीपर्यंत पोचलं.

त्याच्याही पुढच्या दिवशी तिथं भेटली एक उंच पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड. वारा आला की वाकायची, मग सरळ व्हायची.

"दर वेळी परत कशी येतेस गं?" येसूनं विचारलं.

"वाकणार नाही म्हटलं असतं, तर मोडले असते," पोफळ म्हणाली. "वाकते. मग माझं मधोमध आठवते. श्वास सोड, खांदे सोड, आणि लांब बघ."

लांब काय होतं, सांगा बरं? समुद्र होता. धाकू निरोप घेऊन आला त्या दिवसापासून येसूनं समुद्राकडे पाहिलंच नव्हतं. म्हणून तर मान खाली होती.

तिनं श्वास सोडला. खांदे सोडले. हळूच मान वर केली. डोळे भरून आले, पण घागर हलली नाही. पावलापुढं पाऊल टाकत ती वर पोचली आणि रोपाला पाणी घातलं. सगळं.

नाही रे, आत्ता उठून नको करून बघूस. उद्या अंगणात करू.

मग रोप जगलं. त्याचा आंबा झाला. पहिलं फळ सासूनं खाल्लं, कोय येसूनं चोखली. दोघी जमेल तेवढ्या सुखात राहिल्या. येसू म्हातारी झाली तरी ताठ चालायची, आणि समुद्र दिसला की थोडं थांबायची.

झालं. पाय लांब करा, खांदे सोडा, डोळे मिटा.

काय म्हणतोस? चुंबळ?

घरात काथ्या होता. येसूला वळताही येत होतं. पण ती चुंबळ तिनं पुरी केली नाही.