रेशमी गादी आणि तिची खोळ

कोणे एके काळी एका राजाच्या बैठकीसाठी जरीची रेशमी गादी शिवून आणली होती. राणी गुणवंताबाईंनी ती मळू नये म्हणून तिला सुती खोळ घातली. राजा रोज तिच्यावर बसे, पण गादी मात्र फुगून असे.

“तुझ्यामुळे माझं रूप कुणाला दिसत नाही,” ती खोळीला म्हणे.

एकदा शेजारचा राजा पाहुणा येणार म्हणून खोळ काढली. सगळे “वाहवा!” म्हणाले. राजा बसायला वाकला, तोच राणी ओरडली, “अहो, तिथे नको! डाग पडेल!”

दोन्ही राजे निमूटपणे सतरंजीवर बसले आणि तिथेच त्यांच्या गप्पा रंगल्या. कोपऱ्यातून गादी एकटीच बघत राहिली.

संध्याकाळी खोळ परत आली, तेव्हा गादी हळूच म्हणाली, “लवकर चढ गं बाई! तू असलीस की माणसं बसतात तरी.”