सावरझिऱ्याचा कोरा चहा

नाक मुरडू नका पाहुणे, सावरझिऱ्याच्या फलाटावर चहा कोराच मिळतो. गाव सगळं गवळ्यांचं, घरोघरी म्हशी, आणि ठेसनावर दुधाचा थेंब नाही, याचं इथं उतरणाऱ्या प्रत्येकाला हसू येतं. हसा बापा. पण कप हातात घेऊन जरा त्या जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंत चला. तिथं दोन दगड आहेत. एक घडीव, भोवती लोखंडी कठडा, अक्षरांत दरसाल नवा रंग. त्यावर कोरलंय की इथलं पाणी हरबाजी मुकादमानं शोधून काढलं. दुसरा गुडघ्याएवढा, अनघड, वर एक अक्षर नाही, फक्त माथ्यावर वाटीएवढी खळगी. आम्ही मानतो तो हा दुसरा.

असं सांगतात की रूळ आले तेव्हा इथं गावही नव्हतं. खालचं वऱ्हाडचं सपाट रान जिथं संपतं आणि सातपुड्याचं जंगल सुरू होतं, तिथं गवळ्यांच्या चार झोपड्या होत्या. त्यातली एक चिमाईची. नवरा वाघानं नेलेला, पोटी मूल नाही, पाठीशी भाऊ नाही. होत्या त्या म्हशी, आणि त्यांच्या सगळ्यांच्या पुढं चालणारी काजळी. उन्हाळ्यात नदी आटली की चिमाई म्हशी घेऊन सावरीच्या झाडामागच्या कपारीत शिरायची. तिथं बारमाही झिरा होता. ती जागा गवळ्यांनी बाहेरच्या माणसाला कधी दाखवली नाही, कारण कळपाचा जीवच त्या पाण्यावर.

इकडं रेल्वेचं घोडं पाण्यावाचून अडलं होतं. घाट चढायच्या आधी इंजिनाला पाणी हवं, आणि खोदलेली प्रत्येक विहीर कोरडी. साहेबानं सांगून टाकलं, पाणी मिळालं नाही तर रूळ उचलून दुसऱ्या घाटानं नेऊ. हरबाजी त्या कामावरच्या मजुरांचा मुकादम. तो तापानं फणफणून पडला तेव्हा चिमाईनं त्याला आपल्या झोपडीत आणलं, दूधभात भरवून उभा केला. तेव्हापासून तो तिला ताई म्हणायचा. बोलायला असा गोड की विचारू नका! जन्मात कुणी ताई म्हटलं नव्हतं तिला. विरघळली बिचारी.

त्याच दिवसांत काजळी व्याली. आता आमच्यात असं आहे, की व्यालेल्या म्हशीचा पहिला चीक फक्त घरच्या माणसाच्या तोंडात जातो. ज्यानं तो खाल्ला तो घरचा झाला. मग त्याच्यापासून काही लपवायचं नाही, त्याला शपथ घालायची नाही, साक्षीदार बोलवायचा नाही. चिमाईनं गूळ घालून चीक शिजवला आणि हरबाजीच्या पुढ्यात ठेवला. वेडी ती! त्यानं वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"ताई, रूळ उचलले तर मी रस्त्यावर येतो वो. तुझ्या म्हशी उन्हाळा कुठल्या पाण्यावर काढतात, तेवढं दाखव. तुझी जनावरं आधी पितील, इंजिन मागून."

म्हातारे गवळी नको नको म्हणाले. चिमाई म्हणाली, "त्यानं माझ्या घरचा चीक खाल्ला आहे." झालं. यापुढं आमच्यात बोलायला जागाच उरत नाही.

पुढच्या वैशाखात ती म्हशी घेऊन कपारीशी आली तर तारेचं कुंपण. झिऱ्याचं सगळं पाणी नळानं थेट कुंपणाला लागून बांधलेल्या टाकीत. चौकीदारानं काठी आडवी धरली, तेव्हा तिला म्हणे हसूच आलं. "माझ्या भावाला बोलाव," म्हणाली. भाऊ आला, अंगात नवा कोट, शेजारी साहेब. साहेबानं विचारलं, ही बाई कोण? हरबाजीनं तिच्याकडं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"असेल कोणी गवळीण. मी नाही ओळखत."

बाकीच्या म्हशी गवळ्यांनी दूरच्या डोहाकडं हाकलल्या. काजळी हलेना. पाण्याचा वास येत होता तिला. तारेला तोंड लावून उभी राहिली ती राहिलीच, आणि दिवस कलायच्या आत तिथंच कोसळली. चिमाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "मीच मारलं गं तुला. मीच वाट दाखवली त्याला," म्हणून ती अशी रडली की चौकीदारानं तोंड फिरवलं. मग तिनं ओढ्यातला दगड आणून तिथं रोवला आणि सांगितलं, आमच्या म्हशीचं दूध या रुळांपाशी कुणाच्या ओठाला लागणार नाही. हरबाजीच्या नावाचा दगड त्यानंतर बसला, वाजतगाजत.

वर्षं गेली. एकदा हरबाजी गाडीतून उतरला तो दोघांच्या खांद्यावर. अन्न पोटात ठरत नव्हतं, वैद्यानं दूध सांगितलेलं. ताईला बोलवा, म्हणून त्यानं हट्ट धरला. केस पिकलेली चिमाई आली. एका हातात तांब्या, एका हातात दुधाची वाटी.

"ताई, ओळखलंस का गं मला?"

"ओळखलं की रे," ती म्हणाली, "तुझ्यासारखं मला नाही जमत." तिनं तांब्या त्याच्या हातात दिला. "हे पाणी पी. तुझंच आहे, तसं दगडावर लिहून ठेवलंय. दूध काजळीच्या वाट्याचं आहे." आणि वाटी त्याच्यादेखत बिनअक्षरी दगडावर रिती केली. तांब्या त्यानं तसाच खाली ठेवला म्हणे. घोटभरही प्याला नाही. चिमाई घरी गेली आणि दार लावून घेऊन त्याच्यासाठी रडली. भाऊ म्हटलं होतं ना एकदा!

आजही गावात म्हैस व्याली की पहिली धार त्या दगडावर जाते. खळगी त्यानंच पडली, असं आम्ही मानतो. आजही फलाटावर चहा कोराच. तुम्हाला दूध हवं असेल तर फाटकापलीकडं माझ्या घरी चला, पोटभर प्या, वर विरजणही बांधून देतो. फक्त चीक मागू नका. तो आम्ही त्यानंतर बाहेरच्या कुणालाच दिला नाही.