डोहाडीत लगेच गुरुजी म्हणत नाहीत

संपतराव, त्या डोहाच्या कडेला चार दगडी खांब दिसतात ना, तिथं एके काळी शाळा भरायची. आमच्या डोहाडीत नव्या मास्तराला कुणी लगेच गुरुजी म्हणत नाही. नावानं हाक मारतात, शेंबडं पोरसुद्धा. काल तुम्हालाही तशीच हाक मारली आणि तुमचं तोंड उतरलं, म्हणून सांगते. अपमान नव्हे तो. ही रीत त्या खांबांपासून आली. माझ्या आजेसासूनं मला सांगितली, तिला तिच्या आजेसासूनं.

तेव्हा शाळा सरकारी नव्हती. विसाजीपंत नावाचे पंतोजी तिथल्या धर्मशाळेत धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेत. माणूस विद्वान, पण करडा. न विचारता कुणी उठलं की पाठ सोलून निघायची. गाव त्यावर खूशच होतं. आया म्हणायच्या, "गुरुजी, मारा, पण शहाणं करा."

एका श्रावणात पंत पलीकडच्या काठाला श्राद्धाचं जेवायला निघाले. जाताना पोरांना विद्येची आण घातली, "मी येऊन ऊठ म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही." आमच्याकडं लख्ख ऊन होतं. पाऊस वर डोंगरात पडला म्हणे. नदी फुगली ती कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आणि गाव सगळं वर खाचरांत लावणीला.

ठकू नावाची पोर तेवढी भावाची भाकरी घेऊन आली. पाणी पायरीला लागलेलं.

"हैब्या, ऊठ रं!"

"गुरुजींनी ऊठ म्हटलं नाही."

"गुरुजी त्या काठाला हायेत!"

"आण घातलीय. उठलो तर आलेली विद्या जाती."

मागनं एक पोर हसलं, "हिला काय कळतंय आणेतलं? चुलीपुढं जाऊन बस की!"

पलीकडून पंत ओरडत होते, उठा, पळा. पण पाण्याच्या आवाजात शब्द येतोय कुठला? पोरांना नुसते गुरुजी दिसले. गुरुजी बघतायत म्हणून पोरं आणखी ताठ बसली, असं सांगतात. ठकूनं भावाचा हात ओढला, त्यानं खांबाला मिठी मारली. पाणी तिच्या कमरेला आलं, तेव्हा हात सुटला. ती वाचली. अकरा पोरं गेली.

तिसऱ्या दिवशी पूर ओसरला. पंत दारोदार गेले. लोकांनी हात जोडले, म्हणाले, "गुरुजी, तुमचा काय दोष? पोरांनी तुमचा शब्द पाळला." एका ठकूनं तेवढं तोंड फिरवलं. "मी न्हाई ह्याला गुरुजी म्हणायची."

पंत तिथंच मातीत बसले. म्हणाले, "मुलगी खरं बोलते. जोवर माझा शब्द मोडून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून एखादं पोर उठून जात नाही, तोवर मला कुणी गुरुजी म्हणू नका."

मग पंतांनी वर टेकाडावर शाळा घातली, आता पोरींनाही बसवलं. पोरं त्यांना विसाजी म्हणायची. ते रोज सांगायचे, बघा, मग उठा, मला विचारू नका. पण संपतराव, सांगून का कुणी उठतं? पोरं विचारायचीच. बारा वर्षं गेली.

एके दिवशी पंत पाठमोरे बसून बोरू तासत होते. ठकूची लेक ताडकन उठली. जुनी खोड कुठं जाते? पंत वळूनही न बघता गरजले, "बस खाली!"

पोर बसली नाही. आढ्याची माती तिच्या पाटीवर गळत होती, ती तिनं पाहिली होती. ती पळाली, तिच्यामागं सगळी पळाली. वाळवीनं खाल्लेलं आढं पंतांवर आलं. त्यांना बाहेर काढलं तेव्हा धुगधुगी होती. ठकूनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "गुरुजी, पोरं समदी भाईर हायेत." एवढं ऐकलं आणि त्यांनी डोळे मिटले.

आजही आमच्याकडं मास्तराला गुरुजी म्हणायचं ते त्याचा शब्द मोडून एखादं पोर उठल्यावर, आणि त्यानं ते सोसल्यावर. तुमच्याही वर्गातून कधीतरी एक उठेल. छडीला हात घालू नका. त्यानं काय पाहिलं, ते आधी बघा.